आडनावाचा धागा

नाव मिळते बाराव्या दिवशी. आडनाव मात्र आपण जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून दारात वाट पाहत उभे असते. नाव आवडले नाही तर राजपत्रात दोन ओळी छापून बदलता येते; आडनाव बदलायचे म्हटले तर घरात सभा भरते. बायकांचे आडनाव तेवढे अजूनही बहुतेक घरांत एका मुहूर्तावर, अक्षता डोक्यावर पडल्या की बदलते, आणि त्यासाठी कोणी सभा भरवत नाही. (आमच्या संपादकांना हे वाक्य जरा तिखट वाटेल. पण त्याचे पुढे काम आहे, तेव्हा राहू द्यावे.)

आपल्याकडे आगगाडीत दोन अनोळखी माणसे समोरासमोर बसली, की कल्याण येण्यापूर्वी आडनावे कळतात, कर्जत येण्यापूर्वी मूळ गाव कळते, आणि आडनाव एकच निघाले तर लोणावळ्याला चिक्कीचा पुडा दोघांत मिळून फुटतो. "म्हणजे आपण एकाच कुळातले की काय?" हा प्रश्न आजवर चिक्कीबरोबरच संपत असे. गेल्या पंचवीस वर्षांत मात्र त्याला उत्तर देणारी एक परीक्षा निघाली आहे. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, ती पाकिटात घालून पाठवायची, आणि काही आठवड्यांनी उत्तराची वाट पाहायची. तिचे नाव डीएनए चाचणी. तिने आडनावाचे काय होते ते यंदाच्या दिवाळीत सांगणार आहे. कारण गेले वर्षभर आमच्या घरात दुसरा विषय नाही.

यातली सर्वांत गाजलेली गोष्ट इंग्लंडातली आहे, आणि तिची सुरुवात अगदी आपल्या आगगाडीतल्यासारखी झाली. ऑक्सफर्ड विद्यापीठात ब्रायन साइक्स नावाचे अनुवंशशास्त्राचे प्राध्यापक होते. २०२० साली ते वारले. एका बड्या औषध कंपनीने त्यांना व्याख्यानाला बोलावले. त्या कंपनीचे अध्यक्ष होते सर रिचर्ड साइक्स. साहजिकच लोकांनी विचारले, आपण नात्यातले का हो? दोघांनाही ठाऊक नव्हते. आपण अशा वेळी हसून चहा मागवला असता. प्राध्यापकांनी अध्यक्षांच्या डीएनएचा नमुना मागून घेतला आणि आपल्या नमुन्याशी ताडून पाहिला. दोन्ही जुळले. मग त्यांना चैन पडेना. यॉर्कशर आणि आसपासच्या साइक्स मंडळींना त्यांनी पत्रे धाडली.

ताडून पाहिला म्हणजे काय केले, हे सांगण्यासाठी मला माझ्या वर्गात जावे लागेल. प्रत्येक पुरुषाच्या पेशीत वाय नावाचे एक गुणसूत्र असते. ते बापाकडून मुलाकडे जाते, मुलीला मिळतच नाही. ती सहा कोटींहून अधिक अक्षरांची एक पोथीच समजा. बाकीच्या गुणसूत्रांत आईची पाने आणि बापाची पाने दर पिढीला एकमेकांत मिसळतात. या पोथीत मिसळ जवळजवळ नाही. बाप उतरवून देतो, मुलगा जपून ठेवतो आणि आपल्या मुलाला उतरवून देतो. पण नक्कल म्हटली की हस्तदोष आलाच. या पोथीत काही जागी एखादा छोटा शब्द लागोपाठ बारा-पंधरा वेळा लिहिलेला असतो. नक्कल करणारा कितीही सावध असला तरी एखाद्या पिढीत तेराचे चौदा होतात, आणि मग पुढच्या सगळ्या प्रतींत चौदाच राहतात.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली आणि १९६६ साली ती पुरी केली. देशभरातून आणलेल्या पोथ्यांची कुळे तिथे पंडितांनी याच रीतीने लावली. दोन पोथ्यांत एकाच जागी एकच चूक सापडली, तर त्या एकाच पोथीवरून उतरलेल्या. शुद्ध पाठ कुठेही सारखाच असायचा. नाते सांगते ती चूक. हे मी दर वर्षी एम. ए.च्या वर्गाला शिकवते. प्रयोगशाळेतली मंडळीही तेच करतात, एवढे कळल्यावर माझी या शास्त्राविषयीची भीती बरीच कमी झाली.

तर साइक्स. या शब्दाचा मूळ अर्थ ओढा, ओहोळ. आपल्याकडे असते तर ओढेकर झाले असते. यॉर्कशरात ओढे पुष्कळ, तेव्हा हे आडनाव अनेक जागी अनेकांनी घेतले असणार, असे जुने विद्वान म्हणत. प्राध्यापकांनी ४८ साइक्सांच्या पोथ्यांतल्या फक्त चार जागा तपासल्या आणि २००० साली निष्कर्ष छापला. जवळजवळ निम्म्यांच्या चारही जागा हुबेहूब सारख्या होत्या, आणि त्याच मुलखातल्या इतर आडनावांच्या लोकांत तो नमुना सापडला नाही. म्हणजे ओढे पुष्कळ असले तरी मूळ साइक्स एकच, सुमारे सातशे वर्षांपूर्वीचा.

आणि उरलेले निम्मे? खरी गोष्ट इथे आहे, पण सांगणारे बहुतेक जण निम्म्यावरच थांबतात. उरलेल्यांच्या पोथ्या शेजारीपाजारी कोणाच्याही असाव्यात तशा होत्या. प्राध्यापकांनी हिशेब मांडला, की सातशे वर्षांत दर पिढीमागे सरासरी शंभरात १.३ वेळा आडनाव एका बापाचे आणि गुणसूत्र दुसऱ्याचे, असे झाले असावे. वर्तमानपत्रांनी तो आकडा उचलला आणि चवीने छापला. आमच्या शिक्षकांच्या खोलीतही एका गृहस्थांनी तो चवीनेच सांगितला. मी त्यांना विचारले, यात पोरका झालेला पुतण्या किती असतील? आईबरोबर सावत्र बापाच्या घरी आलेला मुलगा किती? सासऱ्याचे नाव लावून त्याची जमीन कसणारा घरजावई किती? दत्तक किती? कापसाच्या काडीला यातला फरक कळत नाही. ती एवढेच सांगते, की इथे धागा बदलला. का बदलला, ते ऐकणाऱ्याच्या मनात जे असेल ते तो भरतो. आणि बहुतेकांच्या मनात एकच कारण येते, ज्याचे उत्तर द्यायला ती बाई हयात नसते.

पुढे २००९ साली लेस्टर विद्यापीठाच्या टुरी किंग आणि मार्क जोबलिंग यांनी हेच काम मोठ्या प्रमाणावर केले. ४० ब्रिटिश आडनावे, १,६७८ पुरुष. आडनाव जितके दुर्मीळ तितके नाते पक्के, असे निघाले. अ‍ॅटनबरो आडनावाच्या दर दहा माणसांपैकी जवळजवळ नऊ एका मूळपुरुषाचे. उलट स्मिथ आडनावाची दोन माणसे घेतली काय आणि रस्त्यावरची कोणतीही दोन घेतली काय, फरक नाही. स्मिथ म्हणजे लोहार. गावोगाव एक लोहार होता. आता आपला कुलकर्णी घ्या, देशपांडे, जोशी, पाटील घ्या. ही सगळी वतनांची आणि व्यवसायांची नावे. दोन कुलकर्ण्यांनी चाचणीवर पैसे घालण्यापेक्षा चिक्की घ्यावी हे बरे. एका गावातून निघालेले, चारशे उंबऱ्यांत मावणारे एखादे चमत्कारिक आडनाव असेल तर गोष्ट वेगळी.

याच टुरी किंग बाईंच्या हातून २०१४ साली एक मोठा निकाल लागला. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ साली बॉस्वर्थच्या लढाईत पडला. त्याचा सांगाडा २०१२ साली लेस्टर शहरातल्या एका मोटारतळाखाली सापडला. हा तोच कशावरून? डीएनएमध्ये आईचाही एक धागा असतो; मायटोकाँड्रिया नावाच्या पेशीतल्या घटकात तो राहतो. तो आईकडून सर्व मुलांना मिळतो, पण पुढे देतात त्या फक्त मुली. रिचर्डच्या बहिणीपासून मुलीच्या मुली, तिच्या मुली असे करत आजची दोन माणसे शोधली. त्यांचा धागा सांगाड्याशी जुळला. मग राजघराण्याच्या पुरुषशाखेतली, कागदोपत्री चोख वंशावळ असलेली पाच माणसे घेतली. त्यांच्यापैकी एकाचाही वाय धागा राजाशी जुळला नाही. आणि त्या पाचांत चौघे एकमेकांशी जुळले, पाचवा त्यांच्याशीही नाही. दर पिढीला आडनाव बदलणाऱ्या बायकांची साखळी पाचशे वर्षे शाबूत होती. जिच्या प्रत्येक कडीवर सरदारकीची मोहोर होती, ती कुठेतरी सुटली होती. हे वाचले त्या दिवशी मी घरी पुरणपोळी केली. कारण विचारले तेव्हा सांगितले नाही.

आता आमच्याकडचे. सासरच्या कुलवृत्तान्ताची दुसरी आवृत्ती निघते आहे. आडनाव सांगत नाही; राजापूर तालुक्यातले आहे आणि बरेच दुर्मीळ आहे, एवढे पुरे. पहिली आवृत्ती १९५८ सालची. मी मराठी शिकवते, म्हणून शुद्धलेखन तपासणे ओघानेच माझ्याकडे आले. संपादन आमचे काकासासरे करतात. त्यांना सारे अण्णा म्हणतात, वय ८४. तीस वर्षे ते या कामात आहेत. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या चोपड्या त्यांनी पाहिल्या, देवस्थानचे जमाखर्च पाहिले, परगावच्या दहाव्याला जाऊन नावे टिपून आणली.

गेल्या पौषात संपादक मंडळाची बैठक आमच्या दिवाणखान्यात भरली. न्यू जर्सीचा चुलत पुतण्या संगणकाच्या पडद्यावर हजर होता. मुलगा गुणी आहे, कुलवृत्तान्तासाठी त्याने पैसेही दिले आहेत. त्याने सूचना मांडली, की प्रत्येक शाखेतल्या एका पुरुषाची वाय चाचणी करावी, खर्च तो देईल, आणि निकालाचा तक्ता पुस्तकाच्या शेवटी छापावा.

"म्हणजे आपलं झाड पक्कं होईल, आजोबा."

"पक्कं म्हणजे?"

"म्हणजे शास्त्रानं सिद्ध."

अण्णांनी पहिली आवृत्ती मांडीवर घेतली आणि एक पान काढून चष्मा पुसला. "माझ्या वडिलांचं नाव वाचतो. नावापुढे कंसात 'द.' आहे. तुमच्याकडे प्रत असेल तर बघ."

पुतण्याला ते ठाऊक नव्हते. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत अण्णांच्या आजोबांचे दोन्ही मुलगे पंधरवड्यात गेले. पुढच्या वर्षी आजीने आपल्या भावाचा आठ वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. ते अण्णांचे वडील, म्हणजे माझे आजेसासरे. माझे यजमान आणि माझा मुलगा त्याच शाखेतले. जुन्या कुलवृत्तान्तांत ही नोंद एका अक्षराने करतात आणि पुढची वंशावळ आपली चालू राहते.

"माझं उत्तर काय येणार ते मला काडी न फिरवता माहीत आहे," अण्णा म्हणाले. "मला काळजी ज्यांच्या नावापुढे 'द.' नाही त्यांची आहे. नागपूरला एक सत्तरीचा माणूस बसलाय. त्याला तू पत्र पाठवून काय कळवणार? तुमच्या आजीविषयी एक शंका आहे?"

पडद्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. पुतण्या वाद घालणारा नाही, त्याने एवढेच म्हटले, "पण खरं काय ते कळायला नको का?" हा प्रश्न मी झटकून टाकणार नाही. ज्याला स्वतःविषयी कळून घ्यायचे आहे त्याला तो हक्क आहेच. पण तक्ता छापणे ही वेगळी गोष्ट. एकाने काडी फिरवली की त्याच्या भावांचे, चुलत भावांचे आणि न विचारलेल्या आज्यांचे बोलणे होते. शिवाय हे कागद कुठे राहतात तेही पाहावे. अशी चाचणी करणाऱ्या एका मोठ्या अमेरिकन कंपनीतून २०२३ साली सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरांच्या हाती लागली, आणि २०२५ च्या मार्चमध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या कचेरीत उभी राहिली. बँकेचा परवलीचा शब्द चोरीला गेला तर दुसरा घेता येतो. पणजोबा बदलून मिळत नाहीत.

दत्तकाची गोष्ट निघाली म्हणून मी बैठकीत डलहौसीची आठवण केली. १८४८ साली कंपनी सरकारने साताऱ्याच्या गादीचा दत्तक नामंजूर केला आणि राज्य खालसा केले. पुढे झाशीचेही तसेच झाले. त्याला औरस वारसच हवा होता. उलट १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आलेले शाहू महाराज जन्माने कागलच्या घाटगे घराण्यातले. वाय गुणसूत्राला विचाराल तर ते घाटगे सांगेल. कोल्हापुरात जाऊन कोणाला विचारा, काय सांगतात ते.

अण्णांना हे आवडले, पण ते नुसते अडवणारे नाहीत. त्यांच्याजवळ एक जुने दुखणे होते. पहिल्या आवृत्तीच्या अखेरीस 'दुवा न जुळलेली घराणी' असे एक प्रकरण आहे. त्यात ग्वाल्हेरचे एक घराणे आहे: आडनाव आपले, कुलदैवत आपले, पूर्वज शिंद्यांच्या पदरी गेले एवढी तोंडी आठवण, आणि कागद एकही नाही. गेली साठ-पासष्ट वर्षे ही मंडळी पुस्तकाच्या मागच्या अंगणात उभी आहेत. अण्णा म्हणाले, "तुझ्या शास्त्राला काही करायचं असेल तर हे करून दाखव. त्यांना आधी विचार. हो म्हणाले तरच."

ग्वाल्हेरचे गृहस्थ हो म्हणाले. त्यांचे चिरंजीव टोरोंटोला असतात. त्यांनी आणि आमच्या पुतण्याने नमुने पाठवले. पोथीतल्या ३७ जागा ताडल्या. श्रावणात निकाल आला: ३५ जुळल्या. मुळात दुर्मीळ आडनाव, त्यात हे. म्हणजे मूळपुरुष एक. पण तो किती पिढ्यांमागचा, ते चाचणी नेमके सांगत नाही. आठ असतील, बाराही असतील. वंशवृक्षात त्यांना कोणाच्या खाली लिहायचे, यावर अण्णांचा आणि माझा आठ दिवस वाद झाला. शेवटी तुटक रेघ काढून मूळपुरुषाशी जोडायचे ठरले. अण्णांनी स्वतः ग्वाल्हेरला फोन लावला. पलीकडून त्या सत्तरीच्या गृहस्थांचा थोडा हिंदी वळणाचा आवाज मला इथपर्यंत ऐकू आला: "अण्णासाहेब, म्हणजे आम्ही आता पुस्तकात आत आलो ना?"

अण्णांना उत्तर देता येईना. फोन मी घेतला आणि पत्ता लिहून घेतला.

त्याच बैठकीत मीही एक मागणी मंजूर करून घेतली. पहिल्या आवृत्तीत 'कन्या ३', 'कन्या २' असे नुसते आकडे आहेत, आणि सुनांची सासरची नावे तेवढी आहेत. नव्या माहितीपत्रकात मुलींची नावे आणि प्रत्येक सुनेचे माहेरचे नाव, माहेरचे आडनाव व गाव असे रकाने घातले आहेत. एका सभासदांनी पाने वाढतील म्हणून हरकत घेतली. अण्णा म्हणाले, "वाढू देत. माझे वडील त्याच बाजूनं आले."

पत्रके येऊ लागली आहेत. पणज्यांपर्यंत रकाने बरे भरतात, त्यापलीकडे रिकामे. ग्वाल्हेरचे गेल्या आठवड्यात आले. हस्ताक्षर मोत्यासारखे आहे. खापरपणजीच्या माहेरच्या आडनावासमोर लिहिले आहे: "ठाऊक नाही. मावशी ९१ वर्षांच्या आहेत, विचारून कळवतो."